ड्रॉइंगरूमचा कुलर

मी कुलर बंद खोलीत ठेवला. खिडक्या लावल्या, दाराखालच्या फटीत जुनी चादर कोंबली, कारण विकत घेतलेली थंड हवा फुकट बाहेर जाऊ नये. आणि तरी खोली गार होईना, तेव्हा कुलर विकणाऱ्याचा सूड घ्यायला निघालो.

कुलरला मागून बाहेरची कोरडी हवा लागते. ती ओल्या गवतातून आत येते म्हणून गार होते, आणि आतली हवा समोरच्या खिडकीतून निघून जाते. खोली बंद असली की तो बिचारा तीच ती हवा पुन्हा पुन्हा ओली करत बसतो आणि खोलीची न्हाणी होते. हे मला माहीत नव्हतं असं म्हणायचीही सोय नाही. भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये मी कुलिंग टॉवरवर इंजिनीअर होतो. भट्ट्यांमधून उकळत आलेलं पाणी वरून सोडायचं, त्यातून वारा जाऊ द्यायचा, आणि गार झालं की परत पाठवायचं. वाऱ्यानं पाणी आणि पाण्यानं वारा गार करणं याचाच मला पगार मिळत होता.

हे सगळं आत्ता आठवायचं कारण म्हणजे चैत्र लागला आहे आणि मी पुण्यात मुलीच्या, मंजूच्या, नवव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये बसून पुन्हा एका यंत्राचा सूड घ्यायच्या विचारात आहे. इथला एसी फोनवरून चालतो. म्हणजे भिंतीवरचा एसी मला दिसतो, एसीला मी दिसतो, पण आमचं बोलणं फोनमार्फतच होतं. काल फोननं मला पासवर्ड विचारला. मी दिला. तो चुकीचा आहे म्हणाला. मग कंपनीला फोन लावला तर एक बाई अतिशय गोड आवाजात एक दाबा, दोन दाबा सांगत राहिली. शेवटी माझं म्हणणं महत्त्वाचं असल्याचं सांगून तिनं फोन ठेवून दिला. खाली पाण्याचा टँकर आला होता, त्याचे पैसे वेगळे. गाडी उभी करायला जागा, तिचे वेगळे. लिफ्टनं वर यायचे मेंटेनन्समध्ये धरलेले. या शहरात श्वास सोडला तर चालतो, आत घेताना मात्र सोसायटीला विचारावं लागेल असं वाटतं. 

मी घामाघूम होऊन बसलो आणि मला किशनलाल, तो कुलर विकणारा, आठवला. निदान त्याला तोंड होतं. त्या तोंडाकडे बघून दात ओठ खाता येत होते.

भिलाईचा उन्हाळा पुणेकरांना सांगून कळत नाही. सेक्टर सहाचे रस्ते रुंद, दोन्ही बाजूंना कडुनिंब, आणि दुपारी बारानंतर त्या रस्त्यावर एकटी लू, ती भाजणारी गरम हवा, फिरायची. सायकलच्या हँडलला हात लावला की चटका. प्लांटचा भोंगा झाला की जनरल शिफ्टची माणसं डोक्याला गमछा गुंडाळून, लू बाधू नये म्हणून खिशात कांदा ठेवून घरी यायची. गावाकडून आलेल्या बाया टोपलीत तेंदू आणि चारोळीची रानफळं घेऊन बसायच्या, पळसाच्या पानाच्या द्रोणात मोजून द्यायच्या. संध्याकाळी अंगणात पाणी मारलं की मातीतून वाफ निघायची, आणि मग एकेका क्वार्टरच्या खिडकीतून कुलर सुरू झाल्याचा आवाज यायचा. खडखड, घरघर, टपटप. प्रत्येकाचा सूर वेगळा. त्यावर ओल्या वाळ्याचा वास. तो वास नाकात आला की आजही मला आधी गार वाटतं आणि लगेच राग येतो.

आमच्या लायनीत सगळ्यांचे कुलर पत्र्याचे. कुणीतरी वेल्डर गाठायचा, पत्रा कापून डबा करायचा, तीन बाजूंना जाळी आणि गवत, आत पंखा, खाली पाण्याची टाकी. तो डबा खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर बसवायचा, उरलेल्या जागेत पुठ्ठा ठोकायचा. दिसायला कोंबड्यांचं खुराडं. शेजारच्या ठवरेंचा तर निळा, हिरवा आणि मध्येच गंजाचा. ठवरे गोंदियाकडचे, कोक ओव्हनला होते. दिवसभर भट्टीसमोर उभा राहणारा माणूस घरी आला की त्या खुराड्यासमोर बनियनवर बसायचा, डोळे मिटायचा, आणि अर्ध्या तासानं माणसात यायचा. एकदा त्यांच्या कुलरचं गवत गाईनं खाल्लं. मागच्या बाजूनं आली, टाकीतलं पाणी प्यायली, आणि एक अख्खी जाळी साफ करून गेली. मी हे आमच्या ऑफिसात वर्षभर सांगून हसलो.

त्या वर्षी मंजू पी.एम.टी.ला बसणार होती. मेडिकलची परीक्षा, ऐन उन्हाळ्यात. मी तिला शब्द दिला होता, तुझ्या अभ्यासाला खोली गार करून देतो. बायको म्हणाली, "ठवरे भाऊजींच्या वेल्डरले सांगा ना. आठ दिवसात करून देते."

मी म्हणालो, "खुराडं नाही आणायचं मला घरात."

"घरात कोण सांगतलं? बाहेर राह्यते ते."

तिनं त्याच वेळी सगळं सांगितलं होतं. पण बायको बोलत असताना माझं लक्ष किशनलालच्या दुकानाकडे होतं. मार्केटमध्ये त्याचं विजेच्या सामानाचं दुकान. पंखे, इस्त्र्या, मिक्सर, आणि त्या वर्षी समोरच मांडून ठेवलेला तो: साय रंगाची फायबरची बॉडी, समोर हलणाऱ्या पट्ट्या, चार बटणं, खाली चाकं. चाकं पाहून मी संपलो. कुलरला चाकं म्हणजे तो उठून पाहुण्यांच्या स्वागताला येणार असंच मला वाटलं.

"खिडकी में लगाना पडेगा?" मी विचारलं.

किशनलालनं माझ्याकडे असं पाहिलं जसं मी बैलगाडीला इंजिन कुठे असतं विचारलं. "खिडकी? साहब, ये ड्रॉइंगरूम का आयटम है. दिल्ली-बंबई में लोग टीव्ही के बाजू में रखते हैं."

हे त्याचं वाक्य मी विसरलेलो नाही. पुढे माझ्यावर जे बेतलं त्यात माझा मूर्खपणा पुष्कळ होता, पण त्या मूर्खपणाला पहिला धक्का त्यानं दिला. दिल्ली-बंबई म्हटल्यावर भिलाईचा माणूस काय करणार? मी कुलर टीव्हीच्या बाजूला ठेवला. बायकोनं विणलेलं क्रोशाचं कव्हर मीच वर घातलं, त्यावर प्लास्टिकची फुलं. मग खिडक्या बंद केल्या आणि सगळ्यांना समोर बसवून बटण दाबलं.

पहिल्या दहा मिनिटांत गार वाटलं. ते नव्या वस्तूचं गार होतं. तासाभरात भिंतींना ओल आली. मंजूच्या पुस्तकांची पानं पापडासारखी वळायला लागली. मीठ डब्यात पाझरलं. अंगावर घामोळं, केसांत चिकचिक, आणि काड्यापेटी तर पुन्हा पेटलीच नाही.

चौथ्या दिवशी मी दुकानात गेलो. किशनलाल गिऱ्हाईकाला सुटे पैसे देत होता. मान वर न करता म्हणाला, "नया है साहब. घास को खुलने दीजिए." पुढच्या वेळी म्हणाला, "पानी बदल के देखिए." त्यानंतर म्हणाला, "कंपनी का आदमी रायपुर से आएगा." तो रायपूरचा माणूस मी त्या उन्हाळ्यात देवापेक्षा जास्त आळवला. देवासारखाच तो आला नाही.

तेव्हापासून मी सूड धरला. माझं सूड घेणं आधी साधं होतं. त्याच्या दुकानावरून जाताना मान दुसरीकडे फिरवायची. त्याच्याकडून काही घ्यायचं नाही. फ्यूजची तार तुटली तर त्याचं दुकान पाच मिनिटांवर, पण मी भर दुपारी स्कूटर काढून लांबच्या पॉवर हाऊस भागातल्या बाजारात जायचो. एकदा बल्बसाठी दुर्गला गेलो आणि येताना लू लागून दोन दिवस पन्हं पीत पडलो. किशनलालला याचा पत्ता नव्हता. त्याचा धंदा जोरात चालू होता. पडल्या पडल्या मी त्याच्यासाठी शिक्षा ठरवायचो: त्याच्या दुकानाचं शटर खाली अडकलं आहे, तो आत आहे, आत त्याचे सगळे ड्रॉइंगरूमचे आयटम चालू आहेत, आणि मी बाहेरून सांगतो आहे, रायपूरहून माणूस येईल.

ऑफिसातही मी दुसरं बोलत नव्हतो. माझे सहकारी आधी ऐकायचे, मग चहाला दुसरीकडे जायला लागले. त्याच आठवड्यात टॉवरच्या खालच्या जाळीला टेकून कुणीतरी रिकामे ड्रम लावून ठेवले होते. मी त्या माणसाला सगळ्यांसमोर झापलं. "इथून हवा आत जाते, दिसत नाही का? हवा अडवशील तर पाणी गार कसं होईल?" त्यानं मुकाट्यानं ड्रम हलवले. मी समाधानानं घरी आलो, खिडक्या बंद आहेत ना बघितलं, आणि कुलरसमोर घाम गाळत बसलो.

त्या दिवसांतली एक संध्याकाळ मला अजून टोचते. मंजू फिजिक्स वाचत होती. कपाळावर ओला रुमाल. म्हणाली, "बाबा, दमट हवेत घाम का वाळत नाही, हे नीट समजावून सांगा ना."

मी सांगितलं. चांगलं सांगितलं. हवेत आधीच पाणी भरलेलं असेल तर ती आणखी घेत नाही, म्हणून बाष्पीभवन थांबतं, म्हणून थंडावा येत नाही. बोलताना माझ्या हनुवटीवरून घामाचा थेंब तिच्या वहीवर पडला. तिनं तो ओढणीनं टिपला. मग विचारलं, "परीक्षेपर्यंत मी ठवरे काकूंकडे बसू का? त्या म्हणतात ये म्हणून."

मी नाही म्हणालो. आपल्या घरी नवा कुलर असताना माझी पोर दुसऱ्याच्या खुराड्यासमोर बसणार, हे मला सहन होईना. म्हणालो, "आधी त्या किशनलालला सरळ करतो. मग बघ."

बायको स्वयंपाकघरातून आली. "अवो, तुमचं भांडण किशनलालशी हाय. पोरीले कावून जाळून राहिले? परीक्षा आली तोंडावर. तिचं डोकं दुखून राहिलं रोज."

"म्हणूनच म्हणतो, या रविवारी निकाल लावतो."

निकालाची योजना अशी होती. कुलर सायकल रिक्षावर घालायचा, बाजारात न्यायचा, त्याच्याच दुकानासमोर, त्याच्याच विजेवर लावायचा. आणि भरल्या बाजारात लोकांना हात लावून बघायला सांगायचं की हा गार हवा देत नाही. मी लोकांना लग्नाचं सांगावं तसं सांगत फिरलो. ऑफिसातले आठ-दहा जण आले, लायनीतले आले. ठवरे भाऊ धुतलेला शर्ट घालून आले. बायको आणि मंजू नको म्हणत असताना मी त्यांनाही नेलं. माझा विजय बघायला घरचं कुणी नको का?

संध्याकाळचे साडेपाच. ऊन उतरलेलं, पण वारा तसाच भाजणारा, पश्चिमेकडून. रिक्षावर तो साय रंगाचा कुलर, वर क्रोशाचं कव्हर तसंच, मागे मी बादली धरून. किशनलाल दुकानाबाहेर आला. 

"क्या हुआ साहब?"

"वो आप इन लोगों को बताइए," मी म्हणालो आणि गर्दीकडे हात केला. "प्लग लगाइए."

त्यानं वायर आत घेतली. मी टाकी भरली, गवत भिजवलं, आणि भाषण केलं. हिंदीत केलं, म्हणजे किशनलालला आणि सगळ्या सेक्टरला कळावं. भोळ्या माणसाला दिल्ली-बंबई सांगून कसा फसवतात, मुलीची परीक्षा तोंडावर असताना घराची कशी न्हाणी होते, गिऱ्हाईकाला रायपूरच्या माणसाच्या भरवशावर कसं ठेवतात. माझा आवाज दोनदा भरून आला. एक-दोन बायांनी पदर तोंडाला लावला. मग मी म्हणालो, "अब देखिए इसका तमाशा," आणि बटण दाबलं.

आधी उष्ण हवेचा एक भपकारा आला. मी गर्दीकडे पाहून हसलो. मग वाळ्याचा वास आला. मग त्या हलणाऱ्या पट्ट्यांमधून हवेचा एक झोत निघाला, आणि तो इतका गार होता की सगळ्यात पुढे उभ्या असलेल्या माणसानं डोळे मिटले.

मागून कोरडी लू गवतात शिरत होती आणि पुढून हिमालय होऊन बाहेर पडत होती. एक बाई कडेवरचं लेकरू घेऊन पुढे सरकली. तिच्यामागे दुसरी. ऑफिसातल्या एकानं शर्टाचं वरचं बटण काढलं. ठवरे भाऊ तर बनियनवर असल्यासारखे दोन्ही हात पसरून उभे राहिले.

"वानखडे भाऊ," ते म्हणाले, "मस्त हाय जी. तुम्ही तर खराब म्हणून राहिले होते."

मी कुलरला हात लावला, मागे जाऊन पाहिलं, पुन्हा पुढे आलो. मागे गेलो तेव्हाच मला कळलं. मागे उभं राहिल्यावर उघडा रस्ता दिसला, धूळ दिसली, गवतात शिरणारा वारा पाठीला लागला, आणि टॉवरखालचे ड्रम आठवले. पण आता कळून काय करता? माझं भाषण होऊन गेलं होतं.

मी मनात म्हणत होतो, किशनलालनं आता हसावं. हसला असता तर त्याच्या अंगावर धावून जाता आलं असतं. तो हसला नाही. आतून खुर्ची आणली, कुलरच्या झोतात ठेवली, आणि मला म्हणाला, "बैठिए साहब. बहुत गरमी में आए हैं." मग उसाचा रस मागवला. गर्दीतून कुणी विचारलं, कौन सा मॉडल है? किशनलालनं नुसता माझ्याकडे हात केला. "साहब के घर का है. साहब प्लांट में ठंडक का ही काम देखते हैं."

त्या संध्याकाळी त्याच्या दुकानात मांडलेले सगळे ड्रॉइंगरूमचे आयटम गेले. माझे ऑफिसातले दोघे घेऊन गेले. मी खुर्चीवर बसून रस पीत होतो आणि लोक मला विचारत होते, पाणी किती घेतो, आवाज करतो का. मी उत्तरं देत होतो, नाही तर काय करणार? पुढच्या उन्हाळ्यापासून त्यानं दुकानासमोर एक कुलर चालूच ठेवायला सुरुवात केली, आणि पुढे पुढे भिलाईत सगळेच तसं करायला लागले. आजही कुठल्या दुकानाबाहेर असा फुकट गार वारा सोडलेला दिसला की मी रस्ता बदलतो. तो वारा म्हणजे माझा सूडच. तो अजून चालू आहे, फक्त दुसऱ्याच्या फायद्यासाठी.

घरी परतताना रिक्षामागे आम्ही तिघं आणि ठवरे भाऊ. बायको दोन पावलं पुढे चालत होती. मंजू मात्र कुलरच्या बॉडीवर हात ठेवून चालत होती, जसं कुणी आजारी माणसाला दवाखान्यातून घरी आणतं. मी म्हणालो, "बाजारातली वीज वेगळी असते. दुकानदार लोक काहीतरी करून ठेवतात." ठवरे भाऊ म्हणाले, "हो जी, करत असतीन," आणि गमछ्यानं तोंड पुसायला लागले. बराच वेळ पुसत होते.

त्यांच्याकडे जुना लोखंडी स्टँड पडला होता. बायकोनं मला न विचारता तो मागितला. तिनं आणि ठवरे भाऊंनी मिळून कुलर मंजूच्या खोलीच्या खिडकीबाहेर अंगणात चढवला, तोंड आत, पाठ बाहेर. पुठ्ठा ठोकला. समोरची खिडकी उघडली. दाराखालची चादर बायकोनं ओढून काढली आणि त्याच चादरीनं ओटा पुसला. क्रोशाचं कव्हर दोरीवर वाळत घातलं.

कुलर सुरू झाला. आत मंजूचा टेबल, पंख्याचा आवाज, उलटणारी पानं. ठवरे काकू खिडकीतून म्हणाल्या, "आता कसं झालं? मस्त ना?" सगळे आत. मी एकटा बाहेर.

त्या वर्षी मंजूचा नंबर लागला नाही. पुढच्या वर्षी लागला. पहिल्या वर्षाचं खापर मी बरेच दिवस किशनलालच्या डोक्यावर फोडत आलो, आणि मंजू दर वेळी विषय बदलते, म्हणून ते अजून तिथंच फुटून पडलं आहे. डॉक्टर झाली, पुण्याला आली, नवव्या मजल्यावर राहायला लागली, फोनवरून हवा गार करायला लागली. मला त्या फोनचा पासवर्ड तिनं दोनदा लिहून दिला. मी दोन्ही कागद हरवले. पण ते असो. 

त्या संध्याकाळी मी काय केलं ते सांगायचं राहिलं. आत जाणं मला जमेना. त्या गार हवेत बसायचं म्हणजे हरलो असं कबूल करायचं. म्हणून मी बाज ओढून कुलरच्या मागेच अंगणात टाकली आणि तिच्यावर बसलो, पाठ जाळीला टेकून. कुणी विचारलं असतं तर सांगायला कारणही होतं: गाय येऊन गवत खाईल, राखण नको का? ओलं गवत शर्टाला लागत होतं, समोरून लू तोंडावर येत होती, पलीकडे ठवरेंचा निळा-हिरवा कुलर सुरात खडखडत होता, आणि मी बसल्या बसल्या किशनलालसाठी नवी शिक्षा रचत होतो. या वेळची चांगली जमत होती. रायपूरचा माणूसही तिच्यात होता.

तेवढ्यात खिडकीतून मंजूचा आवाज आला.

"बाबा, गाईनं गवत खाल्लं तरी चालंल, पण तुम्ही तिथून उठा. तुमच्यानं हवा अडून राहिली."